रॉकच्या गदारोळात सतारीचा झंकार

रॉक म्हटले की गिटार, हे समीकरण आता पक्के झाले आहे. तरीही सतार, व्हायोलिन, चेलो, मँडोलिन अशा अनेक तंतुवाद्यांनी या संगीतात पाऊल टाकले. त्यातली काही टिकली, काही मागे पडली. त्यामागची कारणे कोणती आणि मिरजेच्या सतारमेकरांशी त्यांचा काय संबंध, याचा हा वेध.

कोल्हापूर, प्रतिनिधी - कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या कारागिरीवर सरकारी मोहोर उमटली आणि मिरजेचे नाव पुन्हा एकदा वृत्तपत्रांत झळकले. मात्र सतारीचा आणखी एक प्रवास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९६५ मध्ये हे वाद्य लंडनच्या स्टुडिओत पोहोचले, बीटल्सच्या गाण्यात वाजले आणि काही वर्षे पाश्चात्त्य तरुणाईच्या गळ्यातील ताईत बनले. त्यानंतर ते त्या संगीतातून जवळजवळ दिसेनासे झाले. त्याचा आवाज मात्र मागे राहिला.

असे का झाले असावे? व्हायोलिनला रॉकमध्ये जी स्थिर जागा मिळाली ती सतारीला का मिळाली नाही? आणि आपल्याकडच्या मिरवणुकांत वाजणारा बेंजो या कथेत कोठे बसतो? या प्रश्नांची उत्तरे रसिकांच्या अभिरुचीत शोधली जातात. वस्तुतः त्यातली बरीचशी वाद्यांच्या बांधणीतच दडलेली आहेत.

तीन कसोट्या

रॉक संगीत १९५०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले आणि पुढे ते विजेच्या गिटारीभोवतीच वाढले. रूढ झालेल्या या गिटारीला बहुधा पोकळ पेटी नसते. भरीव लाकडाच्या ठोकळ्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि तारांखाली पिकअप बसवलेला असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची तार कंप पावली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकरमधून तोच नाद प्रचंड होऊन बाहेर पडतो. लाकूड भरीव असल्याने ते स्वतः फारसे घुमत नाही. त्यामुळे आवाज खूप चढवला तरी स्पीकरमधून शिट्टी सहसा वाजत नाही.

या गिटारीने रॉकची चौकट ठरवून टाकली. तिच्याशेजारी बसू पाहणाऱ्या कोणत्याही तंतुवाद्याला तीन कसोट्या पार कराव्या लागतात. पहिली कसोटी आवाजाची. ड्रमच्या दणक्यात ते ऐकू आले पाहिजे. दुसरी सुरांच्या बदलाची. पाश्चात्त्य गाण्यात दर काही मात्रांनी पार्श्वभूमीचा स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, बदलतो. त्या बदलाबरोबर वाद्याला चालता आले पाहिजे. तिसरी कसोटी रंगमंचाची. उभे राहून वाजवता येणे, दोन गाण्यांच्या मधल्या क्षणात सुरात लावता येणे, गावोगावचा प्रवास सोसणे या गोष्टी तिच्यात येतात. सतारीचा इतिहास या तीन कसोट्यांवर तपासला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

मुंबईच्या किनाऱ्यावरून लंडनकडे

भारतीय नाद रॉकमध्ये उतरण्याच्या अगदी सुरुवातीच्या घटनांमध्ये मुंबईचा वाटा आहे. 'द किंक्स' हा ब्रिटिश वाद्यवृंद जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना मुंबईत थांबला होता. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे गाणे त्यांचा गायक रे डेव्हिस याच्या कानावर पडले. त्याच वर्षी आलेल्या 'सी माय फ्रेंड्स' या गाण्यात तो परिणाम उतरला. त्यात भारतीय वाद्य एकही नाही. तंबोऱ्यासारखा अखंड घुमणारा स्वर गिटारीवरच काढलेला आहे.

'यार्डबर्ड्स' या दुसऱ्या वाद्यवृंदाने १९६५ मध्येच 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी सतारवादकाला प्रत्यक्ष स्टुडिओत बोलावले होते. पण सतारीचा आवाज बाकीच्या वाद्यांपुढे दुबळा पडतो असे त्यांना वाटले. अखेर जेफ बेक याने तीच ओळ गिटारीवर, आवाजाला मुद्दाम खरखरीत करणारे यंत्र जोडून वाजवली आणि तीच लोकांपर्यंत गेली. पहिल्या कसोटीवर सतार अशी दारातच अडली.

ते दार उघडले बीटल्सने. 'हेल्प' या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी जॉर्ज हॅरिसनने सतार पाहिली, पुढे लंडनमधील एका दुकानातून ती विकत घेतली आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वूड' या गाण्यात वाजवली. सतारीची रीतसर तालीम त्याने तोवर घेतलेली नव्हती. गाण्याची चाल त्याने तिच्यावर फक्त बसवली होती. ध्वनिमुद्रण करणारे नॉर्मन स्मिथ यांनी सतार ध्वनिमुद्रित करणे किती जिकिरीचे होते हे नंतर सांगितले आहे. नखीचा आघात होताच आवाजाची पातळी एकदम उसळे. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'मध्ये ब्रायन जोन्सने सतार वाजवली आणि सतारीची लाट आली.

हॅरिसनचे वेगळेपण असे, की तो लाटेवर थांबला नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये तो मुंबईत आला आणि त्याने पंडित रविशंकर यांच्याकडे शिक्षण घेतले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक' या ध्वनिमुद्रिकेसाठी भारतीय वादकांना एकत्र केले. सरोदवर आशीष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा आणि सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर अशी ही मंडळी होती. बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यसाजही त्याच मुक्कामात मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. गिटारीखेरीज इतक्या तंतुवाद्यांना रॉकच्या एका कलावंताने सन्मानाने बोलावल्याची उदाहरणे विरळाच.

सतार कोठे अडते?

इतके होऊनही १९६८च्या सुमारास हॅरिसनने सतार बाजूला ठेवली आणि तो गिटारीकडे परतला. सतारीवर प्रभुत्व मिळवायचे तर बालपणापासून साधना हवी, हे त्याला उमगले होते. मात्र व्यक्तीचा हा निर्णय बाजूला ठेवला तरी वाद्याच्या अडचणी उरतातच.

सतारीला साधारण अठरा ते एकवीस तारा असतात. त्यातल्या सहा-सात वाजवायच्या असतात. उरलेल्या तरफेच्या तारा पडद्यांखालून जातात आणि वरच्या तारेवर त्यांचा स्वर निघाला की आपोआप झंकारतात. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा रुंद असतो आणि त्याला कानसीने अगदी बारीक उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि स्वरातून असंख्य उपस्वर फुलतात. यालाच जवारी म्हणतात. जवारी काढणे हा सतारमेकराच्या कौशल्याचा कळस मानला जातो. उतार केसभर चुकला तरी आवाज बोथट होतो किंवा नुसता खणखणतो.

सतारीचे हेच वैभव रॉकच्या रंगमंचावर अडचणीचे ठरते. भोपळा पोकळ असल्याने स्पीकरचा आवाज त्यात शिरतो, तरफांना हलवतो, मायक्रोफोनमधून पुन्हा स्पीकरकडे जातो आणि शिट्टी सुरू होते. दुसरी अडचण कॉर्डची. तरफा आणि चिकारी एका षड्जाला धरून लावलेल्या असतात. गाण्याचा स्वरसमूह बदलला की याच तारा जुन्या स्वराची आठवण काढत राहतात आणि कानाला खटकतात. म्हणूनच 'लव्ह यू टू' (१९६६) किंवा 'विदिन यू विदाउट यू' (१९६७) यांसारखी जी गाणी खरोखर भारतीय वाद्यांवर उभी आहेत, त्यांत स्वरसमूहांची ये-जा जवळपास नाही. ती एका षड्जाभोवती फिरतात. सतार रॉकमध्ये बसवायची तर रॉकने आपली चाल बदलावी लागते. तसे करणारे फार थोडे निघाले.

तिसऱ्या कसोटीचा बोलका पुरावा १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिळाला. बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी झालेल्या त्या मैफलीत रविशंकर आणि सरोदवादक अली अकबर खाँ वाद्ये सुरात लावत होते. श्रोत्यांना वाटले हेच वादन. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर यांनी त्यावर मिस्कीलपणे केलेली टिप्पणी ध्वनिमुद्रिकेत कायमची नोंदली गेली आहे. वीस तारा जुळवण्याचा हा शांत वेळ शास्त्रीय मैफलीत सामावतो. रॉकच्या कार्यक्रमात तो मिळणे कठीण.

आवाज नेला, वाद्य मागे राहिले

रॉकवाल्यांना सतारीचा झंकार हवा होता आणि तिच्या अडचणी नको होत्या. उद्योगाने त्यावर तोडगा काढला. १९६७ मध्ये अमेरिकेत 'कोरल' या नावाने विजेची सतार बाजारात आली. वादक व्हिन्सेंट बेल याचा तिच्या रचनेत हात होता. ही सतार म्हणजे मुळात गिटारच. तिच्या तारा गिटारीप्रमाणेच लावायच्या, तिला गळ्यात अडकवायचे आणि बोटेही तशीच ठेवायची. फक्त घोडी सपाट व रुंद केल्यामुळे तिच्यातून जवारीसारखी झणझण निघते. स्टीली डॅनच्या 'डू इट अगेन' (१९७२) या गाण्यात जी सतार वाजते असे अनेकांना वाटते, ती हीच.

येथे या कथेचे मर्म आहे. रॉकने इतर तंतुवाद्यांचा आवाज हौसेने उचलला. वाद्य आणि ते घडवणारा हात यांना सोबत घेण्याची गरज त्याला फारशी भासली नाही. व्हायोलिनच्या ताफ्याच्या बाबतीतही हेच घडले. चुंबकीय फितीवर साठवलेला तंतुवाद्यांचा नाद एकेका पट्टीवर वाजवणारे 'मेलोट्रॉन' हे वाद्य १९६०च्या दशकात आले आणि मूडी ब्लूजसारख्या वाद्यवृंदांनी त्यावर गाणी उभी केली. आज कोणत्याही की-बोर्डमध्ये सतार, सरोद, व्हायोलिन यांची कळ असते.

व्हायोलिन घराण्याची वाट

व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांना मात्र तुलनेने सोपा रस्ता मिळाला. या वाद्यांना तरफा नाहीत, पडदे नाहीत. त्यामुळे ती कोणत्याही स्वरसमूहाबरोबर चालू शकतात. शिवाय गजाने स्वर हवा तितका लांबवता येतो. बीटल्सच्या 'यस्टरडे'मध्ये (१९६५) चार तंतुवाद्ये आहेत. 'एलिनॉर रिग्बी'मध्ये (१९६६) चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो आणि फक्त गायन आहे. गिटार आणि ड्रम त्यात मुळीच नाहीत. न्यूयॉर्कच्या 'वेल्व्हेट अंडरग्राउंड'मध्ये जॉन केलने व्हायोलाचा एकसुरी, कर्कश घोष काढून त्या वाद्याची सभ्य प्रतिमाच मोडीत काढली. फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'ने १९९६ मध्ये चार चेलोंवर मेटॅलिकाची गाणी वाजवून दाखवली. चेलो गिटारीइतकाच भेदक होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मँडोलिनची गोष्ट याहून सोपी. त्याला गिटारीसारखेच पडदे असतात, त्यामुळे कॉर्डची अडचण येत नाही. लेड झेपेलिनचे 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' (१९७१) आणि आर.ई.एम.चे 'लूझिंग माय रिलिजन' (१९९१) ही मँडोलिनवर उभी असलेली गाणी जगभर गाजली.

भारतीय बाजूने याला समर्थ उत्तर दिले ते 'शक्ती'ने. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनवादक एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासह हा वाद्यवृंद उभारला. मॅकलॉफ्लिन यांनी आपल्या गिटारीवर तरफेसारख्या आडव्या तारा बसवून घेतल्या आणि मींड काढता यावी म्हणून पडद्यांमधील लाकूड कोरून घेतले. म्हणजे येथे गिटारीनेच सतारीकडे चार पावले टाकली. २०२४ मध्ये 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले. सतारीच्या बाजूनेही असे प्रयत्न झाले. मुंबईचे नीलाद्री कुमार यांनी तारांची संख्या बरीच कमी करून आणि पिकअप बसवून 'झिटार' तयार केली. ती रॉकच्या गिटारीसारखी गर्जते आणि मनात येईल तेव्हा सतारीसारखी मींडही घेते.

मिरवणुकीतला बेंजो

या तिन्ही कसोट्या पार करणारे एक वाद्य आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याचा उल्लेख रॉकच्या इतिहासात सापडत नाही, एवढेच. कोल्हापूरच्या गणेशोत्सवात, लग्नाच्या वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो हे ते वाद्य. अमेरिकन बँजोशी त्याचे फक्त नावाचे साम्य आहे. हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचे विजेवर चालणारे रूप. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया येथील गोरो मोरिता याने १९१२ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळांवरून कल्पना घेऊन 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवले. ते भारतात आले आणि येथलेच होऊन गेले.

लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, डाव्या हाताने कळ दाबली की पट्टी तारेवर टेकते आणि उजव्या हातातील नखीने तार छेडायची, अशी त्याची सोपी रचना. बाराही स्वर कळांवर तयार मिळतात, त्यामुळे कोणतेही चित्रपटगीत कोणत्याही पट्टीत वाजवता येते. पिकअप लावला, अॅम्प्लिफायरला जोडला आणि वाद्य गाडीवर ठेवले की ढोल-ताशाच्या गजरातही त्याची तान वर निघते. गळ्यात अडकवण्याची गरज उरत नाही, कारण रंगमंचच चाकांवर चालत असतो. मींडीचे सौंदर्य त्यात फारसे नाही. तरीही तालवाद्यांच्या भिंतीसमोर उभे राहून एका तंतुवाद्याने गर्दीला नाचवणे, हे रॉकमधील गिटारवादकाचे काम तो चोख बजावतो. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा मुंबईतील अशाच एका बेंजो पार्टीची कथा देशभर पोहोचली.

अर्थात, बेंजोवाल्यांचीही कोंडी आहेच. आधी 'डॉल्बी'च्या भिंतींनी वादकांची जागा घेतली. मिरवणुकीत ध्वनिमुद्रित गाणे वाजवायला वादक लागत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची आणि रात्री दहाच्या मर्यादेची चर्चा होते तेव्हा दणदणाट करणारी यंत्रणा आणि हाताने वाद्य वाजवणारा कलावंत यांना एकाच तराजूत तोलले जाते. तंतुवाद्याचा आवाज कायम ठेवून वादकाला वगळण्याची जी प्रक्रिया लंडन-न्यूयॉर्कच्या स्टुडिओत घडली, तीच आपल्या रस्त्यावर वेगळ्या रूपात घडते आहे.

मिरजेपुढचा प्रश्न

मिरजेची कथा सर्वश्रुत आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, वाद्यदुरुस्तीतून वाद्यनिर्मितीकडे वळून हा व्यवसाय रुजवला, असे सांगितले जाते. संस्थानात शस्त्रांचे काम कमी झाले तेव्हा त्याच हातांनी तंबोरे घडवले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेत झाले आणि गाणे व वाद्य यांचे नाते घट्ट झाले. भोपळा मंगळवेढ्याच्या परिसरातून, लाकूड कर्नाटकातून आणि कौशल्य घरातून, असे हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

भौगोलिक मानांकनाने या गणिताला कायद्याचे संरक्षण दिले. इतरत्र बनलेली सतार मिरजेची म्हणून विकता येणार नाही. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. नादाचे रक्षण त्याच्या कक्षेत येत नाही. तंबोऱ्याचा अनुभव ताजा आहे. आधी विजेचा तंबोरा आला, मग तो मोबाईलमध्ये शिरला. रियाझाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आज तंबोरा विकत घ्यावा लागत नाही. सतारीचा झंकार तर संगणकावर केव्हाच उपलब्ध झाला आहे.

मग उपाय कोणता? 'कोरल'चा धडा असा, की बाजाराची गरज कारागिराने ओळखली नाही तर दुसरा कोणीतरी ती ओळखतो. भोपळ्याविना, सपाट पाठीच्या, पिकअप बसवलेल्या सतारी आज भारतात तयार होतात. फायबरच्या पेटीत घालून त्या विमानाने नेता येतात. मात्र त्यांच्या घोडीला जवारी लावायला आजही अनुभवी हातच लागतो आणि असे हात मिरजेत आहेत. तरफा कमी ठेवायच्या की काढून टाकायच्या, पिकअप कोठे बसवायचा, पोलादी तार कोणत्या जाडीची घ्यायची, हे प्रश्न वादक आणि कारागीर एकत्र बसल्यावरच सुटतात. मॅकलॉफ्लिन यांची गिटार अशाच सहकार्यातून घडली होती. कोल्हापूर-सांगलीच्या महाविद्यालयांतून तरुणांचे वाद्यवृंद उभे राहतात तेव्हा त्यांची पहिली खरेदी गिटारीची असते, हे स्वाभाविक आहे. मात्र जगातल्या कोणत्याही रॉक वाद्यवृंदाला हेवा वाटावा असे वाद्यांचे गाव त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

शस्त्रांचे दिवस संपल्यावर याच घराण्यांनी धंदा बदलला होता. त्यामुळे बदल मिरजेला नवा नाही. नव्या संगीताची मागणी या कारागिरांच्या दारापर्यंत जाते की की-बोर्डच्या कळेपाशीच थांबते, यावर पुढच्या पिढीचे काम अवलंबून राहील.

चौकट : कानाने ओळखा

* 'हार्ट फुल ऑफ सोल' (यार्डबर्ड्स, १९६५) - सतारीसारखी वाजते ती गिटार.
* 'नॉर्वेजियन वूड' (बीटल्स, १९६५) - खरी सतार. सोपी सुरावट, मींड जवळजवळ नाही.
* 'टुमॉरो नेव्हर नोज' (बीटल्स, १९६६) - सुरुवातीलाच तंबोऱ्याचा घोष.
* 'एलिनॉर रिग्बी' (बीटल्स, १९६६) - आठ तंतुवाद्ये, गिटार नाही.
* 'व्हीनस इन फर्स' (वेल्व्हेट अंडरग्राउंड, १९६७) - व्हायोलाचा एकसुरी घोष.
* 'डू इट अगेन' (स्टीली डॅन, १९७२) - विजेची सतार. झणझण आहे, तरफांचा खोल झंकार नाही.
* 'लूझिंग माय रिलिजन' (आर.ई.एम., १९९१) - मँडोलिन.